जीपमधली रॅपची कॅसेट

शिरूरहून निमोण्याला जाणाऱ्या जीपमध्ये मी रोज ड्रायव्हरमामांच्या शेजारी बसायचो, त्यामुळे ती कॅसेट माझ्याच कानाशी वाजायची. कोरेगावकडं कंपनीत लागलेल्या गावातल्या एका पोरानं घरच्या टेपवर भरलेलं मराठी रॅप होतं ते. तालाला कुणीतरी डबा बडवत होतं. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, पोरगा शब्द विसरायचा, हसायचा आणि म्हणायचा, "थांब, परत घेतो." एरवी कुणाशी दोन शब्द न बोलणारे मामा हे सगळं त्याच्याबरोबर म्हणायचे, शिट्टीसुद्धा तोंडानं वाजवून. मला वैताग यायचा.

एकदा तो पोरगाच जीपमध्ये बसला. आपली कॅसेट ऐकून लाजला आणि पुढं महिन्याभरानं पुण्याला स्टुडिओत भरलेली नवी घेऊन आला. मामांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग काढून त्याच्या हातात दिली.

"लय भारी झालीय. पर ह्यात तू कुठं चुकतच न्हाईस. मग मी कुणासंगं म्हणू?"

जुनी पुन्हा लागली. अडखळायची जागा आली, तेव्हा "थांब, परत घेतो" मामा म्हणाले, मागून पोरगा म्हणाला आणि, कसं कोण जाणे, मीही म्हणालो.