ऑक्सिजनच्या खोलीतली ज्योत

सर्जापूर रोडवर आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईचं एक वयस्कर ख्रिस्ती जोडपं राहायचं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणारी आम्ही तिघंच, त्यामुळे ते आपोआप माझे काका-काकू झाले. काकांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. पलंगाजवळ ऑक्सिजनचं मशीन सतत घुमत असायचं, आणि नर्सनं दारावर कागद चिकटवला होता : आत काडेपेटी, मेणबत्ती, उदबत्ती आणू नये.

एकदा चादर बदलायला मदत करताना उशीच्या अभ्र्यावर मला करपल्याचा डाग दिसला.

"इस्त्रीचा आहे," काकू म्हणाल्या आणि अभ्रा माझ्या हातातून ओढून घेतला.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला सोबतीला चर्चमध्ये नेलं. चर्चला त्या देऊळच म्हणत. आत काळोख होता. "परवापासून वेदीजवळचा तांबडा दिवासुद्धा विझवलाय," त्या कुजबुजल्या. "ख्रिस्त थडग्यात आहे ना."

अंगणात फादरनी नवा विस्तव पेटवला, त्यावर उंच मेणबत्ती लावली आणि ती घेऊन ते काळोखात शिरले. मग एका वातीवरून दुसरी, असा उजेड माणसामाणसांतून पसरत आमच्यापर्यंत आला. काकूंचा चेहरा उजळला. मिस्साची उपासना संपल्यावर बाकीच्यांनी आपापल्या मेणबत्त्या विझवल्या. काकूंनी मात्र पिशवीतून काचेचा कंदील काढून आपली ज्योत त्यात ठेवली.

"अण्णा, स्वल्प हळू," त्या रिक्षावाल्याला अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सारख्या सांगत होत्या. कंदील त्यांच्या मांडीवर होता आणि माझा जीव टांगणीला.

घरी आल्यावर त्यांनी नर्सला जेवायला पाठवलं. मी खोलीचं दार अडवून उभी राहिले.

"काकू, आत ऑक्सिजन आहे. भडका उडेल."

"मशीन बंद करते ना. नेहमी करते."

नेहमी! मला अभ्र्यावरचा तो डाग आठवला.

आतून काकांचा आवाज आला, "येऊ दे गं तिला." त्यांनी नाकातली नळी स्वतःच काढली होती. काकूंनी बटण दाबलं आणि घुमणं थांबलं. मी धावत जाऊन खिडक्या सताड उघडल्या, काकांच्या अंगावरचं ऑक्सिजन मुरलेलं पांघरूण काढून बाहेर टाकलं. काकूंनी कंदील खिडकीत ठेवला. दोघं मराठीत प्रार्थना म्हणू लागली. काकांचे शब्द तुटत होते, ओठ जांभळे पडत होते, आणि नजर ज्योतीवरून हलत नव्हती. एवढ्याशा ज्योतीची मला कधी अशी भीती वाटली नव्हती.

"आता पुरे," म्हणत मी कंदील उचलला, बाल्कनीत नेला आणि काचेचं दार लावून घेतलं. मग मशीन सुरू करून नळी लावली. मला वाटलं, काकू चिडतील.

"ख्रिस्तासारखे तेही उठणार आहेत हे त्यांना नुसतं सांगून भागत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "दाखवावं लागतं."

श्वास परत आल्यावर काका म्हणाले, "विझवू नकोस हं. बाहेर राहू दे." आम्ही पलंग बाल्कनीकडे वळवला. रोज संध्याकाळी काचेपलीकडे कंदील लागायचा. ते पाहून मी जरा निर्धास्त झाले.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मी घरून काम करत होते. भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येणारी मशीनची घरघर अचानक थांबली. वीज गेली नव्हती, माझा पंखा फिरत होता. मी पळत गेले. बेल दोनदा वाजवल्यावर काकूंनी दार उघडलं. नर्स घरात नव्हती. खोलीत मेणाचा वास होता. काका उशीवर मान टाकून पडले होते, डोळे अर्धवट उघडे.

"त्यांनी कंदील जवळ मागितला," काकू म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांनी दगा दिला. काकूंनी मान डोलावली. मशीन कधी बंद केलं, किती वेळ बंद होतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. जिन्यात कोणी शवपेटीची मापं सांगत होतं, आणि काकू काकांचे हात छातीवर जुळवत होत्या, एकेक बोट सावकाश.