मार्फत नसलेलं पत्र

ती घटना आठवली की आजही मला आधी एक खाकी पाकीट दिसतं, आणि त्यामागे ते पाकीट दोन्ही हातांनी धरून बाकावर बसलेला एक माणूस. त्याला मी पाऊण तास बसवून ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याचा मला अभिमान आहे आणि अभिमानाच्या गोष्टी सांगताना माणूस आपल्या चुका सोयीने विसरतो.

तेव्हा मी कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गुरुवारची सकाळ. हजेरी झाली होती, रात्रपाळीचे लोक घरी गेले होते आणि माझ्यासमोर कागदांचा ढीग होता. ठाणे अंमलदाराने सांगितलं, "साहेब, शेलूहून पेन्शनर संघाचे चिटणीस आलेत. तक्रार काय ते मला कळत नाहीये."

हे चिटणीस म्हणजे निवृत्त एसटी कंडक्टर. साठी उलटलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणं इकडच्याच गावातलं. अखेर मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सायेब, आमच्या ताईंनी पत्र लिवलंय. पन त्यात मार्फत नाय."

"मार्फत नाही म्हणजे?"

"म्हंजे थेट जिल्ह्याच्या अध्यक्षांना लिवलंय. ताई असं कदीच करनार नाय. त्यांचं कायतरी वाईट झालंय."

मी हसलो. माझा शिपाईही हसला. तीस वर्षांत लोकांनी नाना तक्रारी आणल्या होत्या, पण एक ओळ कमी आहे म्हणून पोलिसांत आलेला हा पहिलाच. ते मात्र हसले नाहीत. पाकीट तसंच माझ्याकडे सरकवून उभे राहिले, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली.

मग त्यांनी संघ कसा चालतो ते समजावलं. गावात शाखा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा, प्रत्येकाची सही. दोन सभांना कुणी दिसलं नाही, की तिसरी सभा यायच्या आत दोन सभासद त्याच्या घरी जाऊन यायचे. याला ते घरफेरी म्हणतात. सगळ्या शाखांचा एकेक माणूस मिळून तालुका समिती, तालुक्यांची माणसं मिळून जिल्हा. कुठलाही अर्ज लिहिताना जिल्हाध्यक्षांच्या नावाखाली एक ओळ असायलाच हवी : मार्फत, शाखा चिटणीस. अर्ज आधी शाखेत येतो. शाखा त्यावर अभिप्राय लिहिते आणि त्या अभिप्रायाची सुरुवात ठरलेली असते, 'अर्जदारास शाखा ओळखते.' ही ओळ असेल तरच कागद तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला. ती नसेल तर जिल्हाध्यक्षसुद्धा काही करू शकत नाही. कागद परत तालुक्याला, तालुक्यातून शाखेला, ज्या जिन्याने चढायला हवा होता त्याच जिन्याने खाली.

हा कागद तसाच खाली आला होता. पत्रातल्या ताई म्हणजे शेलूत एकट्या राहणाऱ्या एक विधवा बाई. खालापूरकडच्या एका सरकारी कचेरीतून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. मूलबाळ नाही. नवऱ्याने बांधलेलं घर, भोवती मोकळी जागा. शाखेचं इतिवृत्त त्याच लिहायच्या. पत्रात म्हटलं होतं की, मी आता मोहोपाड्याला पुतण्याकडे राहायला गेले आहे, तरी माझं नाव शेलू शाखेतून कमी करून तिकडच्या शाखेत घ्यावं.

"अक्षर त्यांचंच आहे का?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून इतिवृत्ताची वही काढली. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. तेच वळण, तोच लांब वेलांटीचा फराटा. मी म्हणालो, "मग झालं की. त्यांनी स्वतःच लिहिलंय."

"अक्षर त्यांचं हाय म्हनून तर मी आलोय, सायेब! कुनी दुसऱ्याने लिवलं असतं तर म्हटलं असतं, त्याला काय ठावं. माझे तीन अर्ज ताईंनी तोंडावर परत केलेत मार्फत नाय म्हनून. मी तेव्हा चिटणीस व्हतो, तरी! ती बाई मार्फत इसरंल?"

माणूस आपली सही विसरेल, पण चौतीस वर्षं हाताला लागलेली सवय विसरत नाही, हे मला पटलं. आम्हीही स्टेशन डायरीत तारीख-वेळ घातल्याशिवाय पहिलं अक्षर लिहीत नाही. पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. ताई आधीच्या दोन्ही सभांना आल्या नव्हत्या. घरफेरीला गेलेल्यांना कुलूप दिसलं होतं आणि पुतण्याने फोनवर दमात घेतलं होतं, आमच्या घरात तुम्ही कशाला नाक खुपसता म्हणून. पत्र हाती येताच चिटणिसांनी मोहोपाड्याच्या शाखेला फोन केला. तिथले दोन निवृत्त कामगार त्याच संध्याकाळी पुतण्याच्या घरी जाऊन आले. घरात ताई नव्हत्या. पुतण्याची बायको म्हणाली, काकू इथे कधी राहायलाच आल्या नाहीत.

म्हणजे निम्मा तपास या लोकांनी माझ्या दारात येण्याआधीच केला होता. आणि मी त्यांना पाऊण तास बाहेर बसवलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

हरवल्याची नोंद केली. बाईंचा मोबाईल बंद होता, शेवटचा वापर शेलूतच दाखवत होता. पुतण्याच्या फोनची माहिती मागवली, पण ती यायला वेळ लागणार होता. तिकडच्या हद्दीतल्या ठाण्याला कळवून पुतण्याला चौकशीसाठी बोलावून घेतलं.

तो दुपारच्या आत आला. कारखान्यांना मजूर पुरवायचा धंदा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. फार नम्र. काकूंचं सगळं कसं उत्तम चाललंय, त्या कशा आनंदात आहेत, हे त्याने न विचारताच सांगितलं. माझा एक अनुभव आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जो खरंच सांभाळतो, त्याच्याकडे त्या माणसाबद्दल तक्रारी असतात. गोळ्या वेळेवर घेत नाही, पंखा लावू देत नाही, एकच गोष्ट दहा वेळा सांगते. या माणसाकडे एकही तक्रार नव्हती.

"गोळ्या कुठल्या दुकानातून आणता?" मी विचारलं.

"ते... मिसेस बघते."

"मिसेस म्हणतात काकू आमच्याकडे आल्याच नाहीत."

तर म्हणाला, काकू देवदर्शनाला गेल्यात. कुणाबरोबर? मैत्रिणीबरोबर. मैत्रिणीचं नाव? आठवत नाही. मी आवाज चढवला नाही. शिपायाला त्याचं प्रत्येक उत्तर वेळेसकट लिहून घ्यायला सांगितलं आणि तासाभराने तेच प्रश्न उलट्या क्रमाने विचारले. मैत्रीण बदलली, देऊळ बदललं. शेवटी एक गोष्ट मात्र तो चिडून खरी बोलून गेला : "त्या शाखेच्या म्हाताऱ्यांना वैतागलो होतो साहेब. रोज फोन! वरून जिल्ह्याची ऑर्डर आली असती तर गप्प बसले असते."

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. आमच्या खात्यात आणि त्याच्या धंद्यात कारभार तसाच चालतो, वरून आदेश आला की खालचे गप्प. या संघात वरच्याला खालच्याशिवाय हलता येत नाही, हे त्याला कळलं नव्हतं आणि सकाळपर्यंत मलाही नव्हतं.

बाई कुठे आहेत, हे काही तो सांगेना. सत्तरी गाठलेली, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई. उशीर झाला तर काय होईल या विचाराने माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. मी बाहेर आलो तर चिटणीस त्याच बाकावर.

"सायेब, मी एक फोन करू का?" ते म्हणाले.

एकच फोन त्यांनी केला, तालुकाध्यक्षांना. तालुक्याने शाखांना कळवलं, शाखांनी घरफेरीवाल्यांना. खालापूरच्या बाजूलाही निरोप गेला. गावोगावची निवृत्त माणसं, कुणी शिक्षक, कुणी रेल्वेतले, कुणी कारखान्यातले, चपला घालून आपापल्या आळीत निघाली. माझ्याकडे त्या दिवशी मोकळे जवान होते चार. तासाभरात उत्तरं यायला लागली. इथे नाही, आमच्याकडे नाही, नाही. चिटणीस प्रत्येक गावापुढे वहीत खूण करत होते.

मग पळसदरीहून फोन आला. तिथले एक सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन, आयुष्यभर रुळांच्या कडेने चालण्याची सवय, निवृत्तीनंतरही सकाळ-संध्याकाळ चालणारे. चिटणिसांनी फोन माझ्या हातात दिला.

"सायेब, धरणाच्या अंगाला मुंबईवाल्यांचे बंगले हायत. शनवार-रयवार सोडला तर कुत्रं नसतं तिथं. पन एका बंगल्याच्या गच्चीवर मंगळवारी एक लुगडं वाळत व्हतं. बुधवारी पन. नुसतं लुगडंच. बापयाचं कापड नाय, पोराचं नाय. मला तवाच वाटलं, ही एकलीच कोन आलीया?"

मी पुतण्यासमोर जाऊन फक्त 'पळसदरी' एवढंच म्हणालो. तो पाणी मागू लागला.

महिला हवालदार, दोन पंच आणि चिटणीस यांना घेऊन आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा ऊन उतरायचं होतं. बंगल्याला बाहेरून कुलूप आणि फाटकाशी एक रखवालदार. त्याला सांगितलं होतं की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, बाहेर सोडू नकोस. बिचारा दोन वेळचं जेवण खिडकीतून देत होता. वर्दी बघताच त्याने किल्ली काढून दिली.

बाई पुढच्याच खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, पदर नीट. आमच्याकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "आज तारीख काय?"

मी सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं. "पत्र लिहून अकरा दिवस झाले. मी आठ धरले होते." मग माझ्यामागे उभ्या असलेल्या चिटणिसांकडे पाहून म्हणाल्या, "जिल्ह्यातून लगेच परत आलं असेल. तालुक्यात तीन दिवस पडून राहिलं ना?"

"चार दिस, ताई," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"अहो, रडता काय? आवक शिक्का मारलात का त्यावर?"

पंचनामा लिहिणारा माझा हवालदार हसला, महिला हवालदाराने डोळे पुसले.

जबाबात सगळा उलगडा झाला. शेलूला नवीन इमारती उठत होत्या आणि ताईंच्या घराच्या जागेवर पुतण्याचा डोळा होता. ताई विक्रीच्या कागदांवर सही करेनात, म्हणून चार दिवस हवापालट म्हणत त्याने त्यांना ओळखीच्या बंगल्यावर आणून ठेवलं आणि फोन काढून घेतला. शाखेचे लोक पिच्छा सोडेनात, तेव्हा नाव बदलीचं पत्र लिहायला लावलं.

"थेट जिल्ह्याला लिही, शाखेला मध्ये घेऊ नकोस, असं तोच म्हणाला," ताई सांगत होत्या. "मी म्हटलं, बरं बाबा. मला तेच हवं होतं. शाखेमार्फत गेलं असतं, तर यांनी माझं अक्षर बघून डोळे मिटून शिफारस केली असती. आमचे चिटणीस फार भोळे आहेत. चुकीचं लिहिलं, म्हणूनच ते त्यांच्या हातात परत आलं."

मी लिहिता लिहिता थांबलो. कुलूपबंद खोलीत बसून या बाईंनी एक कागद मुद्दाम चुकवला होता. तो कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जाईल आणि शेवटी कोणाच्या हातात पडून कोण बेचैन होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इतका विश्वास मी माझ्या खात्यावर कधी ठेवला होता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला.

पुतण्यावर डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र मुदतीत गेलं, पुढचं काम कोर्टाचं. घर ताईंचंच राहिलं. शाखेची सभा आता त्यांच्या ओटीवर भरते. वरिष्ठांनी या तपासाबद्दल माझी पाठ थोपटली, प्रशस्तिपत्रही दिलं. मी ते घेतलं, पण कार्यक्रमाला चिटणीस आणि पळसदरीचे गँगमन यांना पुढच्या रांगेत बसवायला विसरलो नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. खबऱ्या म्हणजे पानटपरीवर उभा असलेला लबाड माणूसच, अशी माझी समजूत होती. ती गेली. माणसाची दर महिन्याला गैरहजेरी मांडणारी आणि दोनदा दिसला नाही तर त्याच्या दाराशी जाणारी एखादी वही गावात असेल, तर पोलिसांचं निम्मं काम तिथेच होतं. त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणाही म्हाताऱ्या माणसाला बाकावर ताटकळत बसवलं नाही.

एक मात्र राहिलं. निवृत्त झाल्यावर मी शेलूतच घर घेतलं आणि संघाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. जिल्हाध्यक्ष माझ्या चांगल्या ओळखीचे झाले होते, म्हणून अर्ज सरळ त्यांनाच पाठवला. कोण विचारणार मला! आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर तालुका समितीचा शेरा होता, 'मार्फत नाही. शाखेकडे परत.' लांब वेलांटीचा फराटा बघून मी अक्षर ओळखलं. ताई तेव्हा तालुक्याच्या चिटणीस झाल्या होत्या.

कागद घेऊन मी मुकाट शाखेत गेलो. कंडक्टर चिटणीस वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "बसा सायेब." मी बाकावर बसलो. बराच वेळ बसलो. मला वाटतं ते मिशीत हसत होते.

मग त्यांनी मला आत बोलावलं, अर्जावर मार्फतची ओळ माझ्याच हाताने लिहून घेतली, आवक शिक्का मारला आणि खाली आपला अभिप्राय लिहून कागद माझ्यासमोर धरला. आता माझ्याकडे अकरा घरांची घरफेरी आहे. जिल्हा समितीवर या म्हणून दोनदा निरोप आला, मी नाही म्हटलं. खात्याची प्रशस्तिपत्रं कपाटात आहेत. त्या अर्जाची प्रत मात्र मी बैठकीच्या भिंतीवर लावली आहे आणि आल्यागेल्याला तिच्यावरची एक ओळ वाचून दाखवतो : 'अर्जदारास शाखा ओळखते.'