सिमेंट लागलेली चकती

डेलमार प्रुइटच्या संग्रहात अकराशे चाळीस चकत्या होत्या. कॅसिनोत टेबलावर पैशांच्या जागी ज्या गोल, जड चिपा फिरतात, त्याच या. एका पानाला वीस खण, अशी सत्तावन्न पानं. अकराशे एकोणचाळीस चकत्या त्याने हौसेने जमवल्या होत्या. एक आर्डिथची होती.

मंगळवारी सकाळी त्याने कॉफीचा मग बाजूला ठेवून पहिलं पान उघडलं, तर पहिल्या खणात आर्डिथची चकती नव्हती.

खण रिकामा नव्हता. तिथे त्याच कॉपर म्यूल कॅसिनोची एक डॉलरची चकती होती, पण कोरी. सोनेरी अक्षरं लखलखीत, काठ धारदार, खेचराचं चित्र कानांपासून शेपटीपर्यंत शाबूत. तिला कुणाचा हात लागला असेल असं वाटत नव्हतं.

काय झालं ते त्याला लगेच आठवलं. शुक्रवारी त्याच्या मित्राने, वेन्डेलने, ही कोरी चकती आणून दिली होती. एल्को गावातल्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सापडलेली. बदल्यात त्याने चार चकत्या नेल्या. डेलमारने खणातली झिजलेली काढली, कोरी आत सरकवली आणि झिजलेली जादा चकत्या ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यात टाकली. जमवणारा माणूस हेच करतो. चांगली आली की वाईट बाहेर जाते. तीस वर्षं हात हेच करत आले होते. टीव्हीवर बेसबॉल चालू होता, आणि हातांनी त्याला विचारलं नाही.

त्याने बिस्किटांचा डबा उघडला. रिकामा. तो कुठे रिकामा झाला, तेही आठवलं. शनिवारी चकत्या जमवणाऱ्यांच्या क्लबच्या बैठकीला एक नवीन बाई आली होती. नवीन सभासद आला की टेबलाभोवती कापडी पिशवी फिरते आणि प्रत्येक जण आपल्याकडच्या जादा चकत्यांतली मूठभर तिच्यात टाकतो. म्हणजे नव्या माणसाला सुरुवात मिळते. डेलमारला निवडत बसायचा कंटाळा आला. त्याने डबाच पिशवीत उलटा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

डेलमार खुर्चीत बसून राहिला. कॉफी गार झाली.

अडतीस वर्षं त्याने रेनो आणि स्पार्क्समध्ये काँक्रीटची घोटाई केली होती. गाडीने माल ओतला, बाकीच्यांनी तो पसरला, की याने गुडघ्यांवर बसायचं आणि थापीने जमीन आरशासारखी करायची. लवकर हात लावला तर माल सोबत येतो, उशीर केला तर थापी नुसती खरवडते. मधला जो अर्धा तास असतो, त्याचा त्याला पगार मिळत असे. गावातल्या निम्म्या कॅसिनोंच्या गालिच्यांखाली त्याची जमीन आहे. ती कुणी पाहिली नाही. तडाही कुणी पाहिलेला नाही.

आर्डिथ कॉपर म्यूलमध्ये पत्ते वाटत असे. सात टेबलांचं छोटं कॅसिनो. एकाहत्तर साली डेलमार तिच्या टेबलावर बसला आणि आठवड्याचे उरलेसुरले पैसे घालवून बसला. थोड्या वेळाने तिची सुट्टी झाली. कॉफीच्या काउंटरवर ती येऊन त्याच्या शेजारी बसली आणि एक डॉलरची चकती त्याच्या बशीशेजारी ठेवली. टेबलावरून चकती उचलणं शक्यच नव्हतं. पत्ते वाटणाऱ्यांच्या एप्रनला खिसे नसतात, आणि टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही पंजे उघडे दाखवावे लागतात. ती तिने रोखपालाच्या खिडकीवर स्वतःचा डॉलर देऊन घेतली होती.

"एक तर पुन्हा खेळ, नाही तर जेवून घे," ती म्हणाली होती. "पण हे असलं तोंड घेऊन माझ्या टेबलावर बसू नकोस. बाकीचे पळून जातात."

तो खेळला नाही आणि जेवलाही नाही. चकती पँटच्या उजव्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी तिला भेटायला आला, तेव्हा ती खिशातच होती. लग्नात खिशात होती. अकरा वर्षं ती कामाच्या पँटमध्ये राहिली. वाळूने तिचे काठ झिजले, सोनेरी अक्षरं गेली, खेचराचे दोन कान तेवढे उरले, आणि काठावरच्या खाचांत सिमेंट जाऊन बसलं. कॅसिनो बंद झालं तेव्हा आर्डिथने ती त्याच्या खिशातून काढून घेतली आणि म्हणाली, "आता हिला घर कर." मग त्याने वही आणली. उरलेल्या अकराशे एकोणचाळीस त्यानंतर आल्या.

आर्डिथ जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याने वेन्डेलला फोन लावला. वेन्डेल ऑस्ट्रो हा क्लबचा चिटणीस, आणि एके काळी डेलमारच्याच टोळीत माल पसरणारा.

"शनिवारची ती नवीन बाई कोण रे?"

"माइते एचेवेरी. लव्हलॉकची. का रे बाबा, या वयात?"

"गप्प बस. पत्ता दे."

"आधी कारण सांग."

डेलमारने सांगितलं.

"अरे गाढवा," वेन्डेल म्हणाला, "मी कोरी आणून दिली, म्हणून तू आर्डिथची वाटून टाकलीस?"

"पत्ता दे."

"पिशवीत गेलेली चकती परत मागायची नाही. हा नियम कुणी केला? तूच. लेस्टरशी भांडून. बिचारा लेस्टर वर्षभर क्लबात आला नव्हता."

"माहीत आहे मला."

"आणि डेलमार, आणखी एक." वेन्डेलचा आवाज उतरला. "ती लॉन्ड्री चालवते."

नवीन माणसाची पहिली चूक एकच असते. तो चकत्या धुतो. गरम पाण्यात चकतीतली माती फुगते, अक्षरं सुटून येतात. आणि ही बाई तर जन्मभर धूतच आलेली.

लॉन्ड्रीचा फोन कुणी उचलला नाही. डेलमारने कोरी चकती शर्टाच्या खिशात घातली आणि ट्रक काढला. लव्हलॉकपर्यंत दीड तास लागतो. रेडिओ लावला नाही. काय बोलायचं ते जुळवत राहिला आणि जुळलेलं प्रत्येक वाक्य फर्नली गावाच्या पुढे सोडून देत गेला. मागून घेणं त्याला कधी जमलं नव्हतं. पगारवाढही नाही.

लॉन्ड्रीच्या दारात एक पायरी होती. ती चढताना गुडघा कुरकुरला. आत सहा यंत्रं एकदम फिरत होती. फोन ऐकू येणार कसा? माइते एचेवेरी टॉवेलांच्या घड्या घालत होती. पन्नाशीची, रुंद मनगटांची बाई.

"अहो, बिस्किटांच्या डब्याचे मिस्टर प्रुइट!" ती ओरडूनच बोलली. "या या. बघा तुमच्या चकत्या कशा झाल्यात."

काउंटरवर पांढरा टॉवेल अंथरला होता. त्यावर ओळीने पस्तीस-चाळीस चकत्या. सगळ्या चकाचक. तीन चकत्यांची सोनेरी अक्षरं पार गेलेली, एक कडेने फुगलेली. डेलमारने पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली. पुन्हा पहिलीपासून पाहिली. आर्डिथची नव्हती.

"धुतल्यात," तो म्हणाला.

"जाळीच्या पिशवीत घालून. नाजूक कपड्यांच्या पाण्यात." मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "धुवायच्या नसतात का?"

"नसतात."

"मग शनिवारी कुणी सांगितलं का नाही? दोन तास नुसते डोनट खात बसलात सगळे."

"आणखी एक होती का?" त्याने विचारलं. "कॉपर म्यूलची. झिजलेली."

"ती घाणेरडी? तिचं नाव काढू नका." तिने काउंटरखालून एक बशी काढली. बशीत चकती होती, शेजारी केस झडलेले दोन टूथब्रश आणि व्हिनेगरची बाटली. "इतकी घाण मी माझ्या यंत्रात घालणार नव्हते. जाळी तुंबली असती. शनिवारपासून हाताने घासतेय. साबण झाला, सोडा झाला. दोन ब्रश गेले, पण ते करडं काही निघेना. आता जेवण झालं की व्हिनेगरमध्ये टाकणार होते."

डेलमारने काउंटर धरला. सिमेंटला व्हिनेगर खातो. तो स्वतः त्याने थाप्या साफ करायचा. रात्रभर ठेवलं की सकाळी लोखंड नवं.

"बूच उघडलं नाही ना?"

"नाही हो. एवढे घाबरताय कशाला? काय आहे ते?"

"सिमेंट."

"मग निघत का नाही?"

"चांगलं बसलंय म्हणून," डेलमार म्हणाला. इतक्या वर्षांत आपल्या कामाबद्दल हे वाक्य त्याने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं होतं.

मग त्याने शर्टाच्या खिशातून कोरी चकती काढून बशीशेजारी ठेवली. "पिशवीत गेलेलं परत मागत नाहीत. मी मागतोय. ही घ्या आणि ती मला द्या."

माइतेने कोरी चकती उचलली, उलटी केली, उजेडाकडे धरली. तिचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे ही घाणेरडी जास्त मोलाची."

"नाही. दहा सेंटसुद्धा कुणी देणार नाही."

"वेन्डेलनी मला बजावून ठेवलंय. म्हणाले, म्हातारे गोड बोलून तासतील तुम्हाला. कुणी वाईट घेऊन चांगली देऊ लागला, तर आधी खिसा सांभाळा." तिने बशी स्वतःकडे ओढली. "आणि दीड तास गाडी चालवून आलात. दहा सेंटसाठी?"

वेन्डेलला डेलमारने मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. सल्ला अगदी बरोबर होता, म्हणून आणखी एक दिली.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. आर्डिथबद्दल तो कुणाशी बोलत नसे. यंत्रं फिरत असल्यामुळे ते ओरडूनच सांगावं लागलं. कॉफीचा काउंटर, डॉलर, खिसा, अकरा वर्षं. सगळं मिळून सहा-सात वाक्यं झाली. घसा दुखला.

माइतेने चकती हातात घेतली आणि मुठीत झाकली.

"तुमचीच असेल तर ओळख सांगा. न बघता."

डेलमारने डोळे मिटले. "खेचराच्या कानांची बाजू वर धरा. कानांच्या समोरून उजवीकडे काठाच्या खाचा मोजा. पहिल्या चार भरलेल्या. पाचवी रिकामी, स्वच्छ. मग पुन्हा भरलेल्या."

ती मोजत होती. त्याला तिची नखं खाचांवरून जाताना ऐकू येत नव्हती, पण तो प्रत्येक खाचेबरोबर मोजत होता.

"पाचवी रिकामी," ती म्हणाली. "मला वाटलं ही मीच काढली."

"तिने काढलीये. केसांच्या आकड्याने. एक रविवार पूर्ण गेला होता. मग आकडा मोडला आणि म्हणाली, राहू दे, तुझ्यासारखीच आहे ही."

माइते हसली नाही. तिने चकती टॉवेलच्या कोऱ्या कोपऱ्याने पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"एका रविवारात एक खाच," ती म्हणाली. "मला तीन दिवसांत एकही नाही. मिस्टर प्रुइट, तुमच्या बायकोचं मनगट माझ्यापेक्षा भारी होतं."

डेलमारने मूठ मिटली. मग त्याला कळलं, की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. बहुधा तोंडावर दिसलं असावं. माइते त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. शेगडीवर मेंढीचा रस्सा आणि घेवड्याचं पातेलं होतं, पाटावर मेंढपाळ भाजतात तसा जाड धनगरी पाव. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. जेवता जेवता तिला सांगत राहिला. पाणी लावायचं नाही. कोरडं मऊ फडकं, तेवढंच. फुगलेली चकती दोन पाट्यांत दाबून ठेवायची, महिनाभर हात लावायचा नाही. गेलेली अक्षरं परत येत नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही.

"ही कोरी मात्र तुमचीच," तो म्हणाला. "पहिल्या खणात ठेवा."

"आणि तुमचा खण?"

"रिकामा राहील." चकती त्याच्या पँटच्या उजव्या खिशात होती. घरी जाऊन तिला पुन्हा वहीत कोंडायचं नाही, हे त्याने रस्सा खातानाच ठरवलं होतं. वही म्हटली की हात अदलाबदल करणारच. खिशातलं कुणी बदलत नाही.

निघताना तो दारात थांबला. आत येताना पायरीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आता गेलं. पृष्ठभाग पिठासारखा सुटत होता, एका कोपऱ्याची कपची उडालेली, आणि उतार उलटा. पाणी दाराकडे येणारा.

"ही पायरी कुणी केली?"

"माझ्या दिराने. का हो?"

"नंतर पाणी मारलं होतं का?"

"पाणी? तो त्याच दुपारी मासे पकडायला गेला होता."

"दिसतंय." डेलमारने बुटाच्या टोकाने कोपरा उकरला. वाळूचा एक घास निघाला. त्याला मनापासून बरं वाटलं. तीन तासांपूर्वी त्याचं जगातल्या कोणत्याच वाईट कामाकडे लक्ष गेलं नसतं. "तुमचे तीन दिवस माझ्या चकतीवर गेले. येत्या शनिवारी थापी घेऊन येतो. फोडून पुन्हा करू."

"अहो, पण तुमचे गुडघे!"

"गुडघ्यांखाली टॉवेल घालू. तुमच्याकडे आहेत की." तो पायरीच्या कडेने, तिला पाय न लावता उतरला. "आणि त्या दिराला थांबायला सांगा. एवढं करून त्या पायरीला सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लागणार आहे. मासे कुठे पळून जात नाहीत."