दुष्काळातलं मुठीचं धान्य

निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला शाल दिली, आणि जो तो उठून एकच सांगत सुटला, "बाई, आता आराम करा." मला त्या शब्दाचा असा राग आला की शाल तिथेच खुर्चीवर विसरून आले. छत्तीस वर्षं मिशनच्या बोर्डिंगात मुली शिकवल्या. लग्न केलं नाही. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

घोडेगावच्या अलीकडे भावाचं गाव. तिथे आमच्या ख्रिस्ती देवळाशेजारी एक खोली घेऊन राहिले. रोज साडेदहा वाजले की हात आपोआप पदर खोचायचा, आणि मग जायचं कुठे ते कळायचं नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी मी भावजयीच्या घरात जाऊन तिचे घासलेले डबे पुन्हा घासायची. तिला वीट आला. तिनेच मंडळीच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं असावं, कारण एक दिवस ते आले आणि म्हणाले, "बाई, मुठीचं धान्य गोळा करायला कुणी नाही. तुम्ही घ्याल का ही सेवा?"

ही आमच्या मंडळीतली जुनी रीत. घरची बाई दळणाला धान्य काढते तेव्हा आधी देवाची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकते आणि मग घरचं घेते. टाकलेली मूठ परत काढायची नाही, घरात काहीही होवो. ते धान्य देवळात जमा होतं, वर्षातून एकदा उपकारस्तुतीच्या उपासनेत वेदीपुढे मांडतात आणि मग ते मंडळीच्या कामाला जातं.

मला जीव आल्यासारखं झालं. माझ्या आधी कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी सवडीने फिरायचं. मी मास्तरीण, शनिवार म्हणजे शनिवार. पिशवी घेऊन दारात उभी राहायची, लहानशी प्रार्थना करायची आणि पिशवी पुढे धरायची. गावातल्या कितीतरी सुना माझ्याच हाताखालून गेलेल्या. मला नाही म्हणायची कुणाची टाप होती? मला वाटायचं, मंडळीत श्रद्धा वाढते आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. घोडेगावच्या बाजारात बैल मातीमोलाने जाऊ लागले. बायाबापड्या तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या आणि घराघरात रेशनची लाल मिलो ज्वारी शिजू लागली. शनिवारची फेरी थांबवावी का, असा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या विचारात त्या बायका नव्हत्याच. शनिवार गेला तर माझ्याजवळ उरतं काय, एवढंच होतं. मी फेरी चालू ठेवली. वर दारोदार सांगत फिरले, की भरल्या घरातून कुणीही देतं, खरी मूठ दुष्काळातली.

ओढ्याकडेचं शेवटचं घर माझ्या एका विद्यार्थिनीचं. बोर्डिंगात असताना अतिशय आज्ञाधारक पोर. आता नवरा-बायको दोघंही खडीवर जायची आणि दोन वर्षांची लेक सासूपाशी राहायची. त्या पोरीचे केस तांबूस पडले होते, पोट पुढे आलं होतं आणि ती रडत नव्हती. मी हजारो मुलं पाहिलेली बाई. वर्गात शिरल्याबरोबर कुणाला ताप आहे ते ओळखायची मी.

"दूध देतेस का हिला?" मी विचारलं.

"कुठलं दूध, बाई? मिलोची पेज देती."

असं म्हणत तिने मुठीचं मडकं आणलं. मी पाहिलं सगळं, आणि पिशवी पुढे धरली.

त्या वर्षीच्या उपासनेत वेदीपुढे पोत्याला पोतं लागलं. एवढ्या दुष्काळातही मंडळीने हात आखडला नाही, असं पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्या क्षणी मला फार सुख झालं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पुढे पंधरा दिवसांत ओढ्याकडेची ती लहानगी पोर गेली. दोन दिवस हगवण लागली होती. कबरस्थानात माती लोटून झाल्यावर तिची आजी माझ्याशेजारी येऊन बसली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

"आमी सुनेला म्हनलो, आजच्या दिस त्या मडक्यातलं शिजव. घरात दुसरं काय न्हाई. तर न्हाई म्हनली. शनवारी बाई येत्याल, म्हनली."

देव विचारील, असं नाही म्हणाली ती. बाई येतील, म्हणाली.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, ते धान्य घरोघर परत द्या. ते म्हणाले, वाहिलेलं दान परत देता येत नाही. मग माझ्याकडे बघून मऊपणाने म्हणाले, "पोर हगवणीने गेली, बाई. मुठीने नाही." खरं असेल. तेवढ्या धान्याने ती वाचली नसतीही. पण हे वाक्य मी मनाशी किती वेळा म्हटलं तरी मला एक घास गिळता येईना. प्रार्थनेला बसले तर शब्द येईनात. आयुष्यभर जे शिकवलं त्यातलं काय शिल्लक ठेवावं, ते कळेना.

त्या शनिवारी मी गेले नाही. दार लोटून खोलीत बसून राहिले. दिवस मावळायच्या सुमाराला माझी ती विद्यार्थिनी आली. कामावरून परस्पर न येता घरी जाऊन आली होती, कारण पदरात काहीतरी बांधलेलं होतं.

"सलाम, बाई. तुमी आला न्हाईत. बरं न्हाई का?"

"बरी आहे मी. ते घरी ने. आता आणू नकोस."

ती घाबरली. मला वाटलं होतं रडेल, चिडेल, मला चार शब्द सुनावील. ती तशीच उभी राहिली, गृहपाठ बाईंनी परत केल्यासारखी.

"घ्या की, बाई," ती म्हणाली. "आता खानारं एक तोंड कमी हाय. दोन मुठी टाकल्यात."

नको म्हणायचं, तर आधीच्या साऱ्या मुठी फुकट गेल्या असं तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. तेवढी माझी छाती नव्हती. मी उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि तोंड उघडून तिच्यापुढे धरली.