दिघाशीच्या विहिरीतलं राजा अंपात

हसायचं असेल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि माझ्या नावावर आणखी एक अपघात जमा होईल!

तर, मी भिवंडीत एका गोदामात बिलं बनवतो. दिवसभर ट्रक, खोकी, धूळ. आणि डोक्यात काय? राजा अंपात! इंडोनेशियाच्या पार टोकाची हिरवीगार बेटं, भोवती निळं पाणी. डोळ्यांना चष्मा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत रंगीत मासे बघायचे. इतके व्हिडिओ पाहिलेत की ते मासे आता मला ओळखत असतील!

अडचण एकच. आमची सुनंदा.

मे महिन्यात तिच्या माहेरी, दिघाशीला गेलो होतो. सगळे जेवायला बसले असताना मी विषय काढला.

"पोहता येतं का तुम्हाला?" ती कडाडली. "काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? नाही म्हणजे नाही!"

सासरच्यांसमोर हो! मी ताटावरून उठलो. "ठीक आहे. आता मला काहीच नको!" म्हणालो आणि तडक बाहेर पडलो.

म्हटलं, पोहूनच दाखवतो हिला! ऑनलाइन मागवलेला चष्मा आणि नळी पिशवीत होतीच. मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो. कपडे, चपला, घड्याळ, मोबाइल काठावर नीट मांडून ठेवले आणि खालच्या पायरीची कड धरून पालथा तरंगलो.

काय सुख सांगू! कान पाण्यात, जग बंद. एक बेडूक गेला, त्यालाच मी मासा मानलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना काय दिसलं? रुसून गेलेला जावई, काठावर चपला आणि पाण्यात पालथं अंग! दुसरं काय वाटणार त्या बाईला?

"धावा रं धावा! जावयानी जीव दिला! हलत न्हाय!"

मला कुठलं ऐकू येतंय? मला कळलं ते चड्डीत मागून काहीतरी अडकलं तेव्हा. विहिरीत पडलेली कळशी काढायचा गळ! सासऱ्यांनी वरून टाकला होता. त्यांनी हिसका दिला, माझी नळी सुटली, नाकातोंडात पाणी गेलं.

"बुडालो! वाचवा!" मी हातपाय झाडायला लागलो.

"जिता हाय! जिता हाय!" वरून एकच गलका. आणि त्यात सुनंदाचा आवाज. "अहो, वर या हो! जाऊ आपण त्या बेटावर! मीपण येते! पण असं करू नका हो!"

हमसून हमसून रडत होती. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तिला असं रडताना पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, बुडता बुडता बरं वाटलं.

आणि त्या आनंदात मी काय करावं? "खरंच? शपथ?" म्हणत ताडकन उभा राहिलो.

मे महिन्यातलं आटलेलं पाणी, जेमतेम कमरेपर्यंत!

नशीब, त्याहून कमी नव्हतं. कारण चड्डी केव्हाच गळाबरोबर वर गेली होती.

सुनंदाने पदराने डोळे पुसले.

"शब्द दिलाय, जाऊ आपण," ती म्हणाली. "पण पाण्यात मी उतरणार. याच विहिरीत पोहायला शिकलेय मी. तुम्ही किनाऱ्यावर माझी पर्स धरून बसायचं!"