घरांना धोका नाही

अजूनही आठवड्यातून एखादा फोन येतोच. "ताई, त्या गल्लीत बोअरला पाणी आहे का हो?" "ताई, मालक करार करून देत नाहीये, राहायला जाऊ का?" मी सांगते, मला विचारू नका. फोन ठेवताना लोकांच्या आवाजात जाणवतं, त्यांना वाटतंय बाई रागावली. रागावलेच आहे, पण त्यांच्यावर नाही.

नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही बंगळुरात आलो त्याला बावीस वर्षं झाली. आधी क्वार्टर, मग के. आर. पुरमच्या पलीकडे स्वतःचा फ्लॅट. आमच्या भागातल्या मराठी घरांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर दर रविवारी सकाळी मी घरांच्या बातम्या टाकायचे. कुठल्या रस्त्यावर खोदकाम निघणार, कुठला मालक घरात मासे शिजवू देत नाही, कुठल्या इमारतीत उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. खाली दोन-चार सूचना. भाड्याच्या घरात शिरण्याआधी सगळे नळ सोडून बघा. खरेदीखत, कराची पावती आणि खात्याचा उतारा एकाच पिशवीत ठेवा. इथे 'खाता' म्हणजे मालमत्तेची नोंद, बँकेतलं खातं नव्हे. पुण्याहून नवीन आलेल्या एका जोडप्यानं खरोखरच बँकेत जाऊन 'ए खाता' उघडून मागितला होता. त्यांच्यावर मी आठवडाभर हसले, आणि गटावर नाव न घेता लिहूनही टाकलं.

माझं स्वतःचं कानडी कसं होतं म्हणाल, तर स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, या दोन शब्दांवर माझा संसार चालला होता. भाजीवालीला स्वल्प, रिक्षावाल्याला सरी. बाकी हिंदी होतीच. अक्षर तर एकही येत नव्हतं. सगळी गोल गोल, एकसारखी दिसायची. पण अडलं कुठे? "कानडी म्हणजे निम्मं मराठीच की," असं मी चारचौघांत म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे. त्या वाक्याची आता मला शिसारी येते.

अक्का आमच्या सोसायटीमागच्या उताराच्या गल्लीत राहायची. निपाणीकडची. घरात मराठी, बाजारात कानडी, दोन्ही तिच्या तोंडात सारखीच. वयानं माझ्याहून लहान असेल, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. ज्वारीच्या पातळ कडक भाकरी करून ती इथल्या शिवाजीनगरच्या दुकानांना पोचवायची. पहाटे थापायच्या, सकाळच्या बसनं न्यायच्या. या भाकरींवर तिनं मुलीचं लग्न केलं, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि नवरा गेल्यावरही दोन खोल्यांचं ते पत्र्याचं घर धरून राहिली. "ताई, माझं म्हणाय येवढंच हाय," ती म्हणायची, आणि हे सांगताना भिंतीवर तळहात ठेवायची.

गल्लीच्या टोकाला मोठा पावसाळी नाला आहे. इथे त्याला राजकालुवे म्हणतात. नाल्याच्या हद्दीत आलेली घरं पाडणार, ही बातमी दरवर्षी उठायची आणि विरायची. राजकालुवे म्हणजे काय, हे गटाला मीच समजावून सांगितलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला ते ठाऊक नव्हतं अशी सबब माझ्यापाशी नाही.

एका बुधवारी दुपारी मी गच्चीवरून पाहिलं, तर गल्लीत मोजणीची माणसं आलेली. टेप लावत होती, भिंतींवर तांबड्या रंगानं खुणा करत होती. मी तशीच चपला घालून खाली गेले. बातमी कुणाच्या आधी मिळाली की मला कोण आनंद व्हायचा! अक्काच्या दाराला कुलूप होतं आणि दाराशेजारी तांबडी फुली ओली होती. रंगाचा डबा धरलेल्या माणसाला मी विचारलं, "एनु माडतारे?" काय करणार आहेत, एवढं विचारायला मला येत होतं. तो खाली वाकून ब्रश बुडवत म्हणाला, "नाळे ओडीतारे."

ओडी म्हणजे फोड, हे नारळवाल्याकडून मला माहीत झालेलं. आणि नाळे म्हणजे नाले. इथली माणसं ल-चा ळ करतात, असं मी स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं. नाले फोडणार. म्हणजे नाल्यावरच्या फरशा फोडून साफसफाई करणार. मी त्याला "सरी, सरी" म्हटलं आणि घरी येऊन रविवारची वाट न पाहता गटावर लिहिलं: 'विशेष सूचना. उताराच्या गल्लीत नाल्यावरच्या फरशा फोडून सफाई होणार आहे. भिंतींवरच्या खुणा त्यासाठीच आहेत. मी स्वतः संबंधितांशी बोलले आहे. घरांना धोका नाही.' लोकांनी जोडलेले हात पाठवले.

संध्याकाळी दिवेलागणीला अक्का आली. पदराला पीठ, तोंडचं पाणी पळालेलं.

"ताई, दाराला फुली मारल्या. काय वो हे?"

"अगं, नाले फोडणार आहेत. सफाई. मी विचारलं त्याला."

"त्यो काय म्हणला?"

"हेच म्हणाला. नाले फोडणार."

"घराचं काय न्हाई न्हवं?"

"नाही गं बाई. जा, निवांत झोप."

ती उंबऱ्यात बसली आणि रडली. सुटल्यासारखी रडली. मी तिला चहा दिला. त्या माणसाचे दोन शब्द मी जसेच्या तसे तिच्यापुढे ठेवले असते, तर ती त्या क्षणी उठून पळाली असती. पण मी बातमी देणारी ना! कच्चा माल कशाला देईन, मी अर्थ लावून दिला. ती जाताना म्हणाली, "तुमी हाईसा म्हणून बरं हाय."

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला जेसीबीचा आवाज आला. फरशा फोडत असतील म्हणून मी आधी उठलेही नाही. मग पत्रा फाटल्याचा आवाज आला. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तर लोक घरांतून कपाटं, गाद्या, देव बाहेर काढत होते. बरेचसे सकाळपासूनच काढत होते. काहींच्या हातात कागदांच्या पिशव्या होत्या आणि एका वकील बाईंना घेऊन ते पालिकेच्या साहेबापुढे उभे होते. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला धरलं. तो बिहारचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"हे काय चाललंय? नालेसफाई होती ना?"

त्यानं हातातली इस्त्री उभी केली. "मॅडम, कल ही तो बोले थे, कल आएँगे. आप खुद पूछ रही थीं ना उससे? नाळे बोला था. नाळे मतलब आनेवाला कल."

नाळे म्हणजे उद्या. उद्या फोडणार. बावीस वर्षं राहून मला उद्या हा शब्द माहीत नव्हता. मी इस्त्रीच्या टेबलाला धरलं, गरम इस्त्रीचा चटका बसला, तरी हात काढायला सुचेना.

शेजारपाजाऱ्यांनी अक्काला का सांगितलं नाही? कारण तिला कानडी येतं, तिला कळलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. शिवाय दार बंद. घर रिकामं करून गेली, असं वाटलं. माझी विशेष सूचना त्यांतल्या कुणी वाचलेलीच नव्हती, ती मराठी गटावर होती.

मी फोन लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला. मागे बसचा कालवा. "अक्का, लगेच माघारी ये. घर पाडायला आलेत." ती म्हणाली, "ताई, तुमी म्हणलासा की—" आणि मी ओरडले, "ते सोड! साहेबाशी बोल!"

धावत जाऊन फोन साहेबाच्या कानाला लावला. तो उग्र नव्हता, दमलेला होता. त्यानं तिचं ऐकून घेतलं, काही सांगितलं, फोन मला परत दिला. अक्का रडत सांगत होती, "मिशन माझ्या दारात यायच्या आत कागद दाखवा म्हणत्यात. दाखवल्यावर आठ दिसाची मुदत देत्यात. कुलूप फोडा ताई. कपाटात हाईत कागद. क्रयपत्र काढा, क्रयपत्र!"

जेसीबी आणि अक्काचं घर यांच्यामध्ये तीन घरं होती. इस्त्रीवाल्यानं दगडानं कुलूप फोडलं. आत पिठाचा वास, कापडाखाली झाकलेली भाकरींची चळत. कपाट उघडलं तर चार पिशव्या कागदांच्या. मी सगळ्या कवटाळून बाहेर आले आणि साहेबापुढे रस्त्यावरच ओतल्या. सगळं कानडीत. क्रयपत्र म्हणजे खरेदीखत, पण ते कोणतं, कराची पावती कोणती, मला काही म्हणजे काही कळेना. शिक्का दिसेल तो कागद मी त्याच्या हातात देत होते. विजेचं बिल. रेशनकार्ड. मुलीची गुणपत्रिका. तो एकेक बघून परत देत होता. इस्त्रीवाल्याला कानडी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. ज्यांना वाचता येत होतं ते आपापल्या गाद्या ओढत होते. मी एका बाईच्या दंडाला धरलं, तिनं हात सोडवून घेतला. तिचंही घर जात होतं, तिला काय दोष देऊ?

मी फोनवर ओरडत होते, "दिसतं कसं ते? रंग कसला?" आणि ती सांगत होती, पण मशीनच्या आवाजात मला तिचं अक्षरही ऐकू येत नव्हतं. शेवटी मी साहेबाला हात जोडले. म्हटलं, "स्वल्प. सर, स्वल्प." दुसरा शब्दच आठवेना. त्यानं घड्याळ पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मजुरांनी अक्काचा गॅस, पाट-लाटणं, पिठाचे डबे बाहेर आणून ठेवले, आणि मग तिची ती भिंत आत पडली. मी बघत उभी होते.

अक्का दीडेक तासानं पोचली. पुलावर गाड्या तुंबल्या म्हणून बस सोडून पळत आली होती. ती घराकडे गेलीच नाही. रस्त्यावर बसली, कागदांच्या त्या ढिगात हात घातला आणि क्रयपत्र अर्ध्या मिनिटात बाहेर काढलं. माझ्याही हातून ते गेलं होतं. वर नवरा-बायकोचे फोटो होते, म्हणून लग्नाचा दाखला समजून मी बाजूला टाकलं होतं. ते घेऊन ती साहेबाकडे गेली. त्यानं ते नीट, शेवटपर्यंत वाचलं आणि मान हलवली. आता मुदत देणार कशाला?

ज्यांना मुदत मिळाली ते कोर्टात गेले, त्यांची घरं अजून उभी आहेत. पडलेल्या घराला स्थगिती मिळत नाही.

पुढचे दिवस मी वेड्यासारखी तिच्यासाठी खोली शोधत फिरले. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत जाऊन आले. एकट्या बाईला, तेही पहाटे भाकरी थापणाऱ्या बाईला, कुणी घर देईना. शेवटी आमच्या ओळखीत, एका घराच्या गच्चीवरची खोली मिळाली. सामान मी लावलं, परात मी आणून दिली. ती म्हणायची, "ताई, सख्खी भन करणार न्हाई इतकं करताय." मी खाली मान घालून डबे पुसत राहायचे. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज गिळायचे. गटावर मला कुणी जाब विचारला नाही. उलट एकीनं लिहिलं, सरकारी माणसं अशीच खोटं सांगून गाफील ठेवतात, ताईंनाही फसवलं. त्या निरोपाला मी उत्तर दिलं नाही. खोडलाही नाही.

पंधरा-वीस दिवसांनी अक्का एक अर्ज घेऊन आली. वकील बाईंनी सांगितलं होतं म्हणे, तुम्हाला खोटं सांगून बेसावध ठेवलं असेल तर दुसरीकडे घर मागता येईल. त्याला साक्षीदार हवा. अर्ज तिनं स्वतःच कानडीत लिहिला होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून, एकेका ओळीवर बोट ठेवून तिनं तो मला मराठीत सांगितला. नवरा कधी वारला. घर कधी बांधलं. आणि मग, 'रंगवाल्या माणसानं फक्त नाले फोडणार असं सांगितलं, घराला धोका नाही म्हणाला, म्हणून मी कागद घेऊन थांबले नाही.' खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"हितं सही करा ताई. मराठीत केली तरी चालतंय म्हणं. त्याची नोकरी गेली पायजे. माझं घर त्याच्या त्वांडानं गेलं."

पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर कदाचित तिला घर मिळालं असतं. खरंच मिळालं असतं, हे मी अजूनही स्वतःला सांगत असते. पण तो खाली वाकून ब्रश बुडवणारा माणूस मला दिसत होता. त्यानं विचारल्याबरोबर खरं सांगितलं होतं.

मी म्हटलं, "अक्का, तो खोटं बोलला नाही. तो 'नाळे ओडीतारे' म्हणाला."

मला वाटलं ती ओरडेल, अर्ज तोंडावर फेकेल. मी त्याचीच वाट बघत होते. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग मला त्याचंच बोलणं का न्हाई सांगितलं? मला येतं की कानडी."

तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ती ओळ खोडली. नीट, एका रेघेनं. मग खालचं माझं नाव खोडलं. अर्ज वर धरून तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता त्यात नवरा कधी वारला आणि घर कधी बांधलं, एवढंच उरलं होतं.