दहीभाताचं बोलावणं

नांदेडला माझ्या घराखालच्या दवाखान्यात आज लसीकरण आहे. जिन्यात स्पिरिटचा वास दरवळतोय, पाठोपाठ लेकरांचं रडणं येतंय. हा वास आला की मला देगलूरकडचं आमचं गाव आठवतं, आणि गोवराची साथ आलेला तो उन्हाळा.

आमच्याकडे गोवराला आजार म्हणत नसत. घरात बाई, म्हणजे देवी, आली म्हणत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, माणसं हलक्या आवाजात बोलत. पुरळ मावळू लागलं की देवीला थंड करायचं, म्हणजे दहीभाताचा नैवेद्य दाखवून गल्लीतल्या लेकरांना त्याच घरात जेवू घालायचं. मोठी मायेची रीत. पण दुखणाईत लेकरू जिथं खोकत असे, तिथंच ही पंगत बसे. मग जेवून गेलेल्यांच्या दारांनाही डहाळे लागत, आणि लोक हात जोडून म्हणत, बाई गल्लीनं फिरून राहिली.

शेजारून असं बोलावणं आलं तेव्हा माझी भाची नुकती नऊ महिन्यांची झाली होती. गोवराची लस राहिली होती. आधीच्या इंजेक्शननं तिची मांडी दगडासारखी सुजली होती, म्हणून वहिनीनं पुढचं टोचायचंच नाही असं ठरवलेलं. मी तेव्हा लातूरला बी.एस्सी. करत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सुट्टीला आले होते. पोरीला पंगतीला नेऊ नका म्हटलं, तर माय कडाडली, "लातूरला जाऊन देवीपेक्षा मोठी झालीस व्हय गं?"

त्याच दुपारी सिस्टर लसीचा डबा घेऊन दारात आल्या. वहिनीनं उंबऱ्यातच अडवलं. "ह्यानं ताप येतो का न्हाई, खरं सांगा."

"येऊ शकतो. आठवड्या-दीड आठवड्यानं. बारीक पुरळही येईल. दोन-तीन दिवसांत उतरतो. न्हाई उतरला तर मला बोलवा."

"मागच्या सिस्टर म्हणल्या हुत्या, काहीच होत न्हाई."

"त्या तसं म्हणल्या, म्हणून तुम्ही माझ्यावर चिडून राहिल्या!"

वहिनीला हसू आलं. तिनं लेकीला मांडीवर घेतलं आणि सिस्टरनी दंडात लस टोचली.

"आता जाऊ द्या की पंगतीला," माय म्हणाली.

"न्हाई मावशी. लस लागू व्हायला वेळ लागतो."

वहिनी एकटीच दह्याचं भांडं घेऊन गेली, शेजारच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि रस्त्यावरूनच नमस्कार करून परतली. "तुझीच पोर तेवढी सोन्याची!" शेजारीण म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस बोलली नाही.

ताप आलाच. माय म्हणाली, कोप झाला. वहिनी ओल्या फडक्यानं लेकीचं अंग पुसत राहिली. "सिस्टरनं सांगितलेलाच ताप हाय ह्यो," एवढंच म्हणाली. ताप उतरला. ज्या लेकरासाठी पंगत होती ते वाचलं, पण त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. आता तो पोरगा टेम्पो चालवायला शिकायचं म्हणतो, आणि घरचे विषय बदलतात.

टळलेल्या दुखण्याचा व्रण राहत नाही, म्हणून त्याची गोष्टही कुणी सांगत नाही. त्या साथीचा विषय निघाला की गाव त्या पोराच्या डोळ्याबद्दल बोलतं. भाची आता दहावीला आहे. परवा तिनं विचारलं, "आई, तेव्हा मला काय झालं होतं?"

भाकरी थापता थापता वहिनी म्हणाली, "तुला? काहीच न्हाई."